पुरवून वाढा

मॅडमच्या खोलीत भर मे महिन्यातही पंखा लावायची मनाई होती. आर्णीचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला वेगळं सांगायला नको. आम्ही त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या पोरी ओढणीनं वारा घेत बसायचो आणि मॅडम स्वतः घामानं निथळत कॉम्प्युटरसमोर बसायच्या. पंखा होता, बिघडलेलाही नव्हता. पण खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या होत्या, दोऱ्यांना कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांना लग्नपत्रिका. छापलेली बाजू मागे, कोरी बाजू पुढे, आणि प्रत्येक कोऱ्या बाजूवर मार्करनं एकच शब्द लिहिलेला. पंखा लावला की सगळे शब्द फडफडत एकमेकांत गुंतायचे. एकदा प्राचार्य सर आले आणि सवयीनं त्यांनी बटण दाबलं. मॅडमनी शांतपणे उठून बंद केलं आणि म्हणाल्या, सर, तुम्ही आत्ता जगाचं संशोधन उडवलं. सर पुन्हा त्या खोलीत उन्हाळ्यात आले नाहीत.

या दोऱ्या म्हणजे माझा प्रबंध होता. माझा विषय ऐकला की आमच्या तांड्यात लोक गप्प व्हायचे. तांडा फुलसावंगीजवळचा. आमचे वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख हिंडायचे, आता आम्ही कापूस, सोयाबीन पेरतो. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तर याडीला मी एकदा समजावून सांगितलं, की जगभरचे शिकलेले लोक कॉम्प्युटरात माहितीचे ढीग जमवतात, त्याला बिग डेटा म्हणतात. त्या ढिगांवरून जमीन, पाणी, हवा पुढच्यांसाठी कशी राखायची ते शोधतात, त्याला शाश्वतता म्हणतात. या दोन गोष्टी जोडून ते लोक कोणत्या वर्षी काय काय लिहितात, ते मी शोधते. याडी म्हणाली, म्हणजे तू दुसऱ्याच्या शोधण्याची राखण करते. मला राग आला, पण माझ्या विषयाची इतकी सोपी व्याख्या मला त्याआधी जमली नव्हती.

हेच काम कॉम्प्युटरही करतो. हजारो शोधनिबंधांची नावं आणि शब्द त्याला चारले की तो रंगीत फुग्यांचा नकाशा काढून देतो. जो शब्द जास्त तो फुगा मोठा, जे शब्द सोबत येतात त्यांच्यात रेघ. आधीच्या वर्षांत वीज, कारखाने, पुरवठा साखळी यांचे फुगे मोठे दिसायचे, पुढे स्मार्ट शहरं आली, मग कृत्रिम बुद्धिमत्तेचा फुगा इतका वाढला की बाकीचे कोपऱ्यात गेले. शेती आपली एका टोकाला बारीकशी. मॅडम त्या नकाशाला कढईतले बुडबुडे म्हणत. त्यांना तोच नकाशा दोरीवर वाळत घातलेला पाहिजे असे, म्हणजे शब्दाला हात लावता येतो. त्यासाठी त्या आर्णीतल्या प्रत्येक घरून जुन्या लग्नपत्रिका मागून आणत. त्यामुळे लोक त्यांना लग्नाला आवर्जून बोलवायचे आणि त्याही झाडून सगळ्या लग्नांना जायच्या. त्या स्वतः बिनलग्नाच्या. संख्याशास्त्र शिकवायच्या, साडीवर पांढरे बूट घालायच्या आणि स्कूटी इतकी हळू चालवायच्या की सायकलवाला ओलांडून जायचा. कारण त्या वाटेतली प्रत्येक पाटी वाचायच्या. एका दुकानाबाहेर 'येथे केस कापून मिळतील' असं लिहिलं होतं. मॅडम आत गेल्या आणि कोणाचे मिळतील म्हणून विचारून आल्या. न्हाव्यानं दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. गावात कोणी त्यांना अर्धवट म्हणायचं, कोणी विद्वान. दोन्ही म्हणणारे त्यांच्यासमोर बोलताना शब्द जपून वापरायचे हे मात्र खरं.

दोरीवर शब्द टांगायच्या आधी तो चाखायचा असा त्यांचा नियम होता. चाखायचा म्हणजे काय, तर आपल्या घरात आपण खरोखर बोलू असं एक वाक्य त्या शब्दाचं करायचं. झालं तर लाल चिमटा, नाही झालं तर काळा. काळ्या चिमट्याचे शब्द म्हणजे पाहुणे. 'रेझिलिअन्स' नावाचा शब्द कित्येक महिने पाहुणा म्हणून टांगलेला होता. त्याचं जे मराठी भाषांतर सगळे करतात, लवचिकता, त्यावर मॅडमचं म्हणणं असं की लवचिक तर रबरही असते. एक दिवस मी सहज बोलून गेले की यंदा पावसानं ताण दिला तरी आमच्या तुरीनं तग धरला. मॅडम उठल्या, त्या पत्रिकेवर 'तग' लिहिलं, लाल चिमटा लावला आणि त्यांच्या डब्यातला अर्धा पेरू मला दिला. आमच्याकडे शाबासकीची पद्धत ही अशी होती.

कोणीही आकडा सांगितला की त्यांचं ठरलेलं एक वाक्य असे. "आकडा खोटं बोलत नाई. त्याले इचारलं काय, थे पाह्य." हे वाक्य आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांच्या आवाजात म्हणून हसायचो. पुढे ते वाक्य त्यांच्यावरच उलटलं, ती गोष्ट सांगायलाच मी बसले आहे.

माझ्या प्रबंधात शेवटचं एक प्रकरण गावांचं होतं. जग जे लिहून राह्यलं त्यातलं आपल्याकडे किती आहे, हे पाहायचं. मोबाइलवर एक छोटी प्रश्नावली केली. मॅडमनी तिच्यातला माझा एकूण एक शब्द चाखला. 'इनपुट' काढला, 'डिजिटल साक्षरता' काढला, माझे 'संसाधन' आणि 'व्यवस्थापन' तर हाकलूनच दिले. मुख्य प्रश्न त्यांनी स्वतः लिहिला. तुम्ही शाश्वत शेती करता का? होय किंवा नाही. हा शब्द सरकारी पत्रकात असतो, शेतीच्या पुस्तकात असतो, पेपरात रोज असतो. तो त्यांनी चाखला नाही. मराठीच आहे म्हटल्यावर चाखायचं काय, असं त्यांना वाटलं असणार, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

मी गावोगाव फिरले. आमचा तांडा, फुलसावंगी, आर्णीच्या आसपासची गावं, पार पांढरकवड्याकडची सुद्धा. लोकांनी चहा दिला, बसायला खाट दिली आणि जवळपास सगळ्यांनी 'नाही' म्हटलं. कॉम्प्युटरनं आमचा सगळा भाग लाल रंगवला. लाल म्हणजे वाईट. पण निकाल ठळक होता आणि ठळक निकाल छापून येतो. आमच्या दोघींच्या नावानं शोधनिबंध छापून आला, मॅडमनी पेढे वाटले. परदेशातल्या कुठल्याशा प्रकल्पानं आमची माहिती मागून घेतली, त्यांना शेतकऱ्यांना सल्ला देणारं ॲप बनवायचं होतं. मी तो लाल नकाशा मोबाइलवर तांड्यात नेऊन दाखवला. लोक खूश झाले. फुलसावंगी जगाच्या नकाशावर आली म्हणून कोणीतरी मला नारळ दिला. लाल रंगाचा अर्थ सांगायचं मी टाळलं, आनंदात कशाला विरजण घालायचं म्हणून.

मला तो निबंध फार मोलाचा होता. छापलेला निबंध जोडल्याशिवाय प्रबंध देता येत नव्हता, माझी मुदत दिवाळीला संपत होती, आणि पांढरकवड्याच्या एका कॉलेजात माझ्या विषयाची एक पक्की जागा निघाली होती. डिग्री हातात असेल तर जागा मला मिळेल, असं तिथल्या लोकांनी तोंडी सांगितलं होतं. याडी तर शेजारणींना मी नोकरीला लागले असंच सांगत होती.

एप्रिलमधली गोष्ट. मॅडम मला गाडीत बसवून द्यायला आर्णीच्या स्टँडवर आल्या होत्या. आम्ही बाकावर शेंगा खात बसलो होतो. शेजारी एक म्हातारेबुवा महागावच्या गाडीची वाट पाहत होते. त्यांनी चौकशीच्या खिडकीशी जाऊन गाडी येते का म्हणून विचारलं. आतला माणूस म्हणाला, "येईन, पन शाश्वती नाई."

मॅडमचा हात शेंगेवरच थांबला. मला म्हणाल्या, तू गावात प्रश्न कसा विचारला तो म्हणून दाखव. मी म्हटलं, इथे? त्या म्हणाल्या, इथेच, मोठ्यानं. मी लाजत म्हटलं, तुम्ही शाश्वत शेती करता का? तर ते म्हातारेबुवा, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, आमच्याकडे वळून म्हणाले, "शेतीची कायची शाश्वती, बाई?"

मला आधी हसू आलं. मग मॅडमचा चेहरा पाहिला आणि काय घोळ झाला ते लक्षात आलं. लोकांनी 'शाश्वत' ऐकलंच नव्हतं. त्यांनी 'शाश्वती' ऐकलं होतं. हमी आहे का शेतीची, असं मी घरोघर विचारत फिरले होते, आणि कोणता शहाणा माणूस त्याला हो म्हणेल? खात्री करायला आम्ही त्याच गाडीनं तांड्यात गेलो. याडीला विचारलं, तू काय समजून नाही म्हणाली होती? ती म्हणाली, मला वाटलं विम्याचं काही आहे, हो म्हटलं तर सही करावी लागेल. शेजारच्या काकीनंही तेच सांगितलं. कोणी काही शहाणपणानं उत्तर दिलं नव्हतं, सगळ्यांनी फक्त अंग काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं की त्या निबंध मागे घेणार. मी आधी समजावून पाहिलं. म्हटलं, दिवाळीनंतर घ्या. म्हटलं, एक दुरुस्ती छापू. शेवटी म्हटलं, मॅडम, हे कोणालाच कळणार नाही, कॉम्प्युटरला तर कधीच कळणार नाही.

"म्हनूनच," त्या म्हणाल्या. "गावच्या विहिरीत घान पडली त गाव मिळून उपसते. ह्या विहिरीचं पानी कोन कोन नेऊन राह्यलं, आपल्याले मालूमबी नाई. त्या ॲपवाल्यानं नेलं, अजून दहा जन नेतीन. थे उपसनार कोन?"

मी म्हटलं, आणि माझं काय?

त्यांनी माझी समजूत काढली नाही. खोटा धीर दिला असता तरी मी धरून ठेवला असता. त्या म्हणाल्या, "तुह्यं नुकसान होईन, पोरी. प्रश्न मी लिवला, नुकसान तुह्यं. आन् थे मले भरून देता येत नाई."

मी उठले आणि पंख्याचं बटण पाचवर फिरवून खोलीबाहेर पडले. मागून पत्रिकांचा फडफडाट आणि चिमटे जमिनीवर पडल्याचे आवाज ऐकू आले. मला आजही त्याची लाज वाटत नाही. तेवढं तरी माझ्या हातात होतं.

मॅडमनी निबंध मागे घेतला. चूक फक्त त्यांची, विद्यार्थिनीनं तिला दिलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला, असं त्यांनी विद्यापीठात उभं राहून सांगितलं. त्यांच्या प्रोफेसरपदाची फाइल तेव्हा वर गेलेली होती, ती खाली आली ती कायमची. कॉलेजातले लोक हसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या दुरुस्त केल्या, आता स्वतःची उतरवली, असं कोणीतरी म्हणालं. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळत होतं, कारण मी तांड्यात जाऊन बसले होते आणि त्यांचा फोन घेत नव्हते. पांढरकवड्याची जागा दुसऱ्याला मिळाली. याडी शेजारणींना टाळून मागच्या वाटेनं पाण्याला जाऊ लागली, त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात एके दिवशी दुपार कलताना मॅडमची स्कूटी आमच्या दारात. आर्णीहून फुलसावंगी, त्या उन्हात, त्यांच्या त्या चालीनं! वाटेत किती तास गेले असतील देव जाणे. डोक्याला दुपट्टा बांधलेला, लग्नाची चांगली साडी नेसलेली आणि साडीवर भाजीचा डाग. मी दारातच उभी राहिले, या म्हणाले नाही. याडीनं पाणी दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, शब्द सापडला.

त्या दिवसांत त्या शब्दच शोधत होत्या. जो प्रश्न चुकला तो नीट कसा विचारायचा? 'टिकाऊ' घेऊन त्या बाजारात हिंडल्या, लोकांनी प्लास्टिकच्या खुर्च्या दाखवल्या. 'कायम' म्हणून पाहिला, तर लोक नोकरीबद्दल बोलायला लागले. मग त्या एका लग्नाला गेल्या. बुफे नव्हता, खाली बसून पंगती होत्या. पहिली पंगत जेवत होती आणि मांडवात माणसं वाढत चालली होती. नवरीचा बाप वाढप्यांच्या मागे आला आणि पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात म्हणाला, "पुरवून वाढा रे, मांगची पंगत बाकी आहे." मॅडम शेवटच्या पत्रावळीवर बसल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं. त्या तशाच उठल्या. अर्धं जेवण टाकून उठणं म्हणजे अपमानच, नवरीच्या बापाला वाटलं भाजीत काही निघालं. पण त्या हात धुऊन स्कूटीवर बसल्या आणि थेट आमच्याकडे आल्या.

"आपन दोरीवर पुरवठा साखळी टांगली होती," त्या मला सांगत होत्या. मी ऐकत नसल्यासारखं करत होते. "पुरवठा म्हंजे फकस्त आनून देनं, असंच वाचलं आपन. पुरवनं म्हंजे राखून वाढनं, मागच्यायची आठवन ठेवून वाढनं, थे बी त्याच शब्दात होतं. आन् आपल्याले दिसलं नाई."

मग त्या याडीकडे वळल्या आणि विचारलं, "तुमी वावर पुरवून खाता का, बाई?"

याडी सुपातले दाणे निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. आणि जी बाई माझ्या प्रश्नाला एका शब्दात 'नाही' म्हणाली होती, ती बोलायला लागली. नाल्याकडचं वावर आम्ही पुरवून खातो, म्हणाली. तिथे कापसात मूग-चवळी असते, शेणखत तिथेच जातं, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, झाडं तोडू देत नाही. आणि रस्त्याकडचं? रस्त्याकडचं आम्ही संपवलं, म्हणाली. लवकर पाहिजे होतं, दरसाल विकतचं खत जास्तच टाकत गेलो, आता ते मागतच राहते. हे सांगताना तिनं पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं, कारण मी ते कधी विचारलं नव्हतं. माझा हात आपोआप पेन शोधायला लागला. मॅडमनी स्वतःच्या पर्समधला काढून दिला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढे आम्ही दोघी सगळ्या गावांत पुन्हा गेलो. स्कूटीवर, मी चालवायची आणि त्या मागे बसून पाट्या वाचायच्या. या वेळी होय-नाहीची खूण करता येईना. लोक एकेका वावराची वेगवेगळी कहाणी सांगत. कुठे पुरवलेलं निघालं, कुठे संपवलेलं, कुठे एकाच घरात भावाभावात दोन्ही. आमचा भाग लालही राहिला नाही आणि हिरवाही झाला नाही. ॲपवाल्यांना मॅडमनी कळवलं, त्यांनी जुनी माहिती काढून टाकली का, ते शेवटपर्यंत समजलं नाही. नवा निबंध छापून यायला फार वेळ लागला, कारण त्यात ठळक असं काही नव्हतं. मला नव्यानं नाव नोंदवावं लागलं. सोबतच्या पोरी डॉक्टर होऊन गेल्या, मी आपली तिथेच. वाटेत मॅडमशी भांडणंही झाली, एकदा तर मी त्यांना भर रस्त्यात उतरवून पुढे गेले आणि परत आले तेव्हा त्या मैलाचा दगड वाचत उभ्या होत्या.

अखेर डिग्री मिळाली. तोवर मॅडम रिटायर झाल्या होत्या. आता त्या नागपूरला बहिणीकडे असतात आणि कधीही फोन करून एखादा शब्द विचारतात. पण तेव्हा आर्णीतच होत्या. याडीनं तांड्याला जेवण द्यायचं ठरवलं. मॅडम सकाळीच आल्या आणि साडी खोचून वाढायला उभ्या राहिल्या, आम्ही नको म्हणत असताना. माणसं आमच्या अंदाजापेक्षा गंज जास्त आली. पहिल्या पंगतीपासून त्या वाढणाऱ्या पोरांच्या मागे फिरत हळू आवाजात एकच गोष्ट बजावत होत्या, कोणती ते सांगायला नको.

शेवटच्या पंगतीला आम्ही तिघीच उरलो, याडी, मॅडम आणि मी. मॅडमनी भाजीचं पातेलं कलतं करून तळातलं काढलं. याडीला वाढली, मला वाढली, उरली ती स्वतःच्या पत्रावळीत घेतली. भाकरी मोडून त्या थांबल्या. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "पुरलं का तुले?"

त्या भाजीचं विचारत नव्हत्या, हे मला कळलं. याडीलाही कळलं, ती खाली पाहून जेवत राहिली. गेलेली वर्षं माझ्या डोळ्यांपुढे होती. पांढरकवड्याच्या त्याच कॉलेजात मी आजही तासांवर शिकवते, पक्की जागा पुन्हा निघाली नाही. पुरलं म्हणणं सोपं होतं. पण या बाईला सोयीचं उत्तर दिलेलं चालत नसे, हे तिनंच मला शिकवलं होतं.

"थोडं कमी पडलं, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग आपल्या पत्रावळीतली सगळी भाजी उचलून माझ्या पत्रावळीत वाढली आणि स्वतः कोरडी भाकरी हातात घेऊन माझ्याकडे पाहत बसल्या, मी काय म्हणते म्हणून. मी एक घास घेतला.

"आता पुरलं," मी म्हटलं, आणि त्यातली अर्धी त्यांच्या पानात परत वाढली.